खुणांचा स्क्रू पाना: नट मोजायचा कसा, बोल्ट मागवायचा कसा

पेरणीच्या तोंडावर कल्टिव्हेटरच्या फणाचा बोल्ट तुटतो, आणि मराठवाड्यात शेतापासून हार्डवेअरचं दुकान बहुतेकदा तालुक्याच्या गावाला असतं. कुणाला पाठवायचं तर माप सांगता आलं पाहिजे. "सतरा-अठराचा असंल" असं म्हणून पाठवलं की दुसरी चक्कर ठरलेलीच. यासाठी फिरकीने जबडा लहान-मोठा करता येणारा आणि जबड्यावर मिलीमीटरच्या खुणा असलेला स्क्रू पाना जवळ ठेवा. नट खोलायला मला तो फारसा आवडत नाही. मोजायला मात्र पेटीत पहिला तोच हवा.

घेताना

घरकामाला आणि मोटारसायकलला आठ इंची, म्हणजे २०० मिमी लांबीचा पाना पुरतो. ट्रॅक्टरची औजारं असतील तर दहा इंची घ्या. खुणा कोरलेल्या हव्यात. नुसत्या छापलेल्या खुणा डिझेल-ग्रीसच्या हातांनी लवकर पुसल्या जातात. दुकानातच जबडा पूर्ण मिटवून शून्य जुळतो का ते बघा. सरकता जबडा हलवूनही पाहा. थोडी ढिलाई सगळ्यांतच असते, पण लांबून दिसेल इतका डुलत असेल तर परत ठेवा. बऱ्याच पान्यांवर एका बाजूला मिलीमीटर आणि दुसऱ्या बाजूला इंच असतात. तसा मिळाला तर तोच घ्या.

मोजताना

१. नटावरची माती आणि गंज तारेच्या ब्रशने काढा. वाळलेली काळी माती अंगाला चिकटलेली असली तर माप सहज एक मिलीमीटर जास्त येतं.

२. जबडा नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंवर पार आतपर्यंत बसवा. कोपऱ्यांवर धरलं तर आकडा खोटा.

३. अंगठ्याने फिरकी आवळा, पाना किंचित हलवा, पुन्हा आवळा.

४. पाना न काढता सरकत्या जबड्याची कड कोणत्या खुणेवर आहे ते सरळ समोरून वाचा.

खरा नट लिहिलेल्या मापापेक्षा केसभर कमीच असतो, त्यामुळे पावणेसतरा दिसलं तर सतरा धरा. सोळा आणि सतराच्या बरोबर मधे आलं तर पान्याच्या खुणेवर भांडत बसू नका. दोन्ही मापांचे नट असतात. फिक्स पाना, म्हणजे एकाच मापाचा पाना, लावून बघा. अर्ध्या मिलीमीटरच्या खालचं काम व्हर्नियरचं.

दुकानात सांगताना

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. मेकॅनिक नटाचा आकडा बोलतो, दुकानदार बोल्टच्या दांड्याचा. "सतराचा बोल्ट द्या" म्हटलं की तो विचारणार, "सतराचा पाना लागतो, का बोल्टच सतराचा?" सतराच्या पान्याचा बोल्ट सहसा १० मिमीचा असतो. तसाच १० च्या पान्याचा ६ मिमी, १३ च्या पान्याचा ८, १९ च्या पान्याचा १२ आणि २४ च्या पान्याचा १६. नव्या मापांत १० मिमीच्या बोल्टला सोळाचं आणि १२ च्या बोल्टला अठराचं डोकंही येतं. जपानी घडणीच्या गाड्यांत ८ मिमीच्या बोल्टला बाराचं आणि १० च्या बोल्टला चौदाचं डोकं दिसतं. म्हणून नुसत्या डोक्यावरून अंदाज बांधू नका, त्याच जबड्यात दांडाही धरा. आट्यांवर मोजलं की १० मिमीचा बोल्ट ९.८ च्या आसपास भरतो.

जुन्या औजारांत इंची माल निघतो, आणि तिथे दुकानदार सुतात बोलतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी, चार सुती बोल्ट म्हणजे अर्धा इंची. अर्धा इंची बोल्टचं डोकं अनेकदा पाऊण इंच, म्हणजे १९.०५ मिमी असतं. एकोणीसचा पाना त्याला चपखल बसतो आणि आपण १२ मिमीचा बोल्ट घेऊन येतो. दांडा मोजला तर एक बाराच्या आत आणि दुसरा साडेबाराच्या पुढे, फरक खुणेवर लगेच दिसतो. एवढं करूनही आटे बारीक की जाड हे पाना सांगत नाही. तुटलेला तुकडा आणि त्याचा नट खिशात टाकून पाठवा.

खोलताना

आकडा कळला की त्या नंबरचा रिंग किंवा फिक्स पाना मागवा. विहिरीवर मोटरपाशी एकटे असलात तर घरी फोन करायचा, "दादा, एकोणीसचा रिंग पाना घेऊन ये", आणि पूर्ण सेट वाहून आणायची गरज नाही. स्क्रू पान्यानेच खोलायचं ठरलं तर ज्या बाजूला ओढायचं त्या बाजूला सरकता जबडा ठेवा, म्हणजे जोर पक्क्या जबड्यावर जातो. पाना ढकलू नका, अंगाकडे ओढा. काढून परत लावला की दर वेळी फिरकी आवळा. पान्याच्या मुठीवर पाईप चढवून जोर वाढवायचा नाही. नटाचे कोपरे गोल झाले की मग छिन्नी-हातोडाच.

काम झाल्यावर फिरकीतली माती डिझेलमध्ये ब्रश बुडवून काढा आणि तेलाचा एक थेंब सोडा. खुणा फिकट दिसत असतील तर त्यांत पांढरा ऑइल पेंट चोळून वरचा लगेच फडक्याने पुसून घ्या. कोरलेल्या रेघांत रंग राहतो आणि उन्हातही आकडा वाचता येतो.