हलक्या आवाजांच्या सोबतीने झोप कशी आणावी

लहानपणी आईच्या मांडीवर डोके ठेवून पडले असता, ती केसांतून बोटे फिरवू लागली की टाळूपासून मानेकडे एक सुखद शिरशिरी उतरत जायची आणि डोळे जड व्हायचे, हे अनेकांना आठवत असेल. कानाशी कोणी कुजबुजले किंवा जवळ बसून कोणी सुपात दादर ज्वारी पाखडू लागले, तरी काहींना हाच अनुभव येतो. जेनिफर ॲलन यांनी २०१० साली या संवेदनेला ‘ऑटोनॉमस सेन्सरी मेरिडियन रिस्पॉन्स’ असे नाव दिले. आद्याक्षरांवरून ती एएसएमआर म्हणून ओळखली जाते. ही शिरशिरी सर्वांना जाणवत नाही, आणि काहींना तर अशा आवाजांनी चीडच येते. शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्यांना ती जाणवते त्यांच्या हृदयाचे ठोके ती जागवण्यासाठी केलेले व्हिडिओ पाहताना मिनिटाला सरासरी तीनने कमी झालेले आढळले.

आपल्याला मानवणारा आवाज प्रथम दिवसाउजेडी शोधावा. रात्री अंथरुणावर पडून एकामागून एक व्हिडिओ चाळत बसल्यास झोप येण्याऐवजी उडते. दुपारी निवांत वेळी कुजबुज, ब्रशचा स्पर्श, कागदाची चुरचुर, बोटांची टकटक असे चार-पाच प्रकार प्रत्येकी पाच मिनिटे ऐकावेत आणि ज्या आवाजाने खांदे सैल पडतात तेवढा ठेवून बाकीचे सोडून द्यावेत. माझ्या मते झोपेसाठी शब्द नसलेला आवाज अधिक चांगला, कारण शब्द कळू लागले की मन त्यांच्या अर्थामागे जाते.

इंटरनेटवरचे आवाज परके वाटत असतील तर आपल्याच घरातले आवाज फोनवर ध्वनिमुद्रित करावेत. भुईमुगाच्या वाळलेल्या शेंगा फोडणे, बोंडातून कापूस ओढणे, केळीच्या सुकलेल्या पानावरून सावकाश हात फिरवणे, हे सारे आवाज खान्देशात कोणत्याही घरी मिळतील. पंखा बंद करून फोन गोधडीच्या घडीवर वीतभर अंतरावर ठेवावा आणि तीच कृती एकाच संथ गतीने पंधरा-वीस मिनिटे करावी. शेवटी भांडे आपटल्याचा किंवा हाक मारल्याचा आवाज आला असल्यास तो भाग कापून टाकावा.

आवाजाची पातळी ही खरी मेख आहे. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, घरोघरी कूलर घरघरत असतो आणि त्या घरघरीत कुजबुज पार बुडून जाते. अशा वेळी इअरफोनचा आवाज वाढवत नेण्याचा मोह होतो, पण तो टाळावाच. कानाशी रात्रभर मोठा आवाज चालू राहिला तर ऐकण्याच्या शक्तीलाच धोका पोहोचतो. त्याऐवजी कूलरचा वेग कमी करावा, किंवा त्या दिवसांत कूलरच्या संथ घरघरीलाच आपला आवाज मानावे, कारण तीही न बदलणारी असते. गच्चीवर झोपणाऱ्यांनी स्पीकर लावल्यास शेजारच्या गच्चीवरच्यांची झोपमोड होते, म्हणून तेथे इअरफोन बरा. मात्र कुशीवर वळल्यावर तो कानात रुतणार नाही, असा मऊ पट्टीचा निवडावा. डावीकडून उजवीकडे फिरणारे आवाज दोन्ही कानांत इअरफोन असल्याशिवाय नीट जाणवत नाहीत. इतर आवाजांना उशीजवळचा छोटा स्पीकर पुरतो.

आता रात्रीची तयारी. आवाज आधीच डाउनलोड करून ठेवावा, म्हणजे ऐन गुंगीत कर्कश जाहिरात लागणार नाही. ऑटोप्ले बंद करावा, तीस मिनिटांचा टायमर लावावा, फोन पालथा ठेवावा आणि मग त्याला हात लावू नये. डोळे मिटून श्वास सोडताना जबडा व खांदे ढिले सोडावेत. शिरशिरी येते की नाही याची वाट पाहू नये; ती न आली तरी झोप येऊ शकते. रोज एकाच वेळी तोच आवाज लावल्यास, आवाज म्हणजे झोपेची वेळ, अशी शरीराला हळूहळू सवय होते. ज्यांना मध्यरात्री वीज आल्यावर पिकाला पाणी द्यायला उठायचे असते त्यांनी मात्र गजर लावल्याखेरीज हा प्रयोग करू नये.

आठवड्यात तीन किंवा अधिक रात्री झोप लागत नसेल आणि असे तीन महिने चालले असेल, किंवा घोरताना श्वास अडकत असल्याचे घरच्यांनी सांगितले असेल, तर आवाजावर विसंबून न राहता डॉक्टरांकडे जावे.

काहींना एकच आवाज रोज ऐकून तो बोथट वाटू लागतो. तसे झाल्यास आवाज मोठा न करता आठवडाभर पूर्ण थांबावे, किंवा शेंगांऐवजी कापसाचा आवाज लावून पाहावा.