मित्राची गाडी परदेशात चालवताय? किल्ली घेण्याआधी विम्याच्या या चुका टाळा

"घे ना गाडी, फुल इन्शुरन्स आहे!" मित्र हे मनापासून म्हणतो आणि त्याच्या परीने ते खरंही असतं. फक्त तो विमा त्याच्याच हातात स्टिअरिंग असेल असं धरून काढलेला असतो. तुम्ही सीटवर बसलात की त्या 'फुल'मधलं किती उरतं, हे बहुतेक मालकांना ठाऊक नसतं, कारण तसा प्रसंग त्यांच्यावर कधी आलेलाच नसतो. त्यामुळे मित्राच्या शब्दावर विसंबू नका. त्यात त्याचा अपमान काही नाही.

विमा गाडीचा की चालकाचा, हे न विचारणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. या प्रश्नाचं उत्तर देशागणिक बदलतं.

ब्रिटनमध्ये पॉलिसी मुख्यतः चालकाला धरून असते. ज्यांची नावं त्यात आहेत, त्यांनीच ती गाडी चालवायची. तुमचं नाव नसेल आणि तुमचा स्वतःचा वेगळा विमाही नसेल, तर कायद्याच्या दृष्टीने तुम्ही विनाविमा गाडी चालवताय. त्यासाठी जागेवर 300 पौंड दंड आणि लायसन्सवर 6 पेनल्टी पॉइंट होऊ शकतात, शिवाय पोलीस गाडी जप्त करू शकतात. प्रकरण कोर्टात गेलं तर दंडाला वरची मर्यादा नाही. गाडी देणारा मित्रही सुटत नाही, कारण विनाविमा चालकाला गाडी वापरू देणं हाही तिथे गुन्हाच आहे. यावर उपाय सोपा आहे: एक तर मित्राने काही दिवसांसाठी तुमचं नाव पॉलिसीत घालून घ्यावं, नाहीतर तुम्ही स्वतः काही तासांचा किंवा दिवसांचा तात्पुरता विमा घ्यावा. मात्र परदेशी लायसन्स चालतं का, हे तो विमा घेण्याआधी पाहून घ्या. सगळ्याच कंपन्या ते स्वीकारत नाहीत.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी आणखी एक सापळा आहे. काहींच्या स्वतःच्या पॉलिसीत 'दुसऱ्याची गाडी चालवण्याची' सोय असते. ती साधारणपणे थर्ड पार्टीपुरतीच असते. समोरच्याची गाडी भरून निघेल, मित्राची नाही.

अमेरिकेत चित्र बरंचसं उलटं आहे. विमा सहसा गाडीमागे जातो, आणि मालकाच्या परवानगीने अधूनमधून चालवणाऱ्याला तो लागू होतो. इथेच लोक निश्चिंत होतात. पण काही पॉलिसींमध्ये बाहेरचा माणूस चालवत असेल तर भरपाईची मर्यादा घसरून थेट राज्याच्या किमान रकमेवर येते. कॅलिफोर्नियात ही किमान मर्यादा 1 जानेवारी 2025 पासून वाढली. तरीही दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी ती 15,000 डॉलरच आहे. एखादी नवी गाडी मागून ठोकली तर ही रक्कम कुठल्या कुठे उडून जाते, आणि वरचे पैसे तुमच्याकडेच मागितले जातात. तुम्ही मित्राकडे दोन-तीन महिने मुक्कामाला असाल तर गोष्ट आणखी बदलते. मग विमा कंपनी तुम्हाला पाहुणा न मानता त्या घरातला चालक मानू शकते, आणि अशा चालकाचं नाव आधी कळवायला हवं होतं, असा मुद्दा क्लेमच्या वेळी निघतो.

जर्मनीतही थर्ड पार्टी विमा गाडीचा असतो. पण प्रीमियम ठरवताना कोण कोण चालवणार आणि सर्वात लहान चालकाचं वय काय, हे विचारलेलं असतं. त्या यादीबाहेरचा माणूस ठोकून बसला तर समोरच्याला भरपाई मिळते, पण नंतर कंपनी मित्राकडून वाढीव प्रीमियम किंवा दंड वसूल करू शकते.

ऑस्ट्रेलियात मित्र म्हणेल, "नोंदणीतच विमा आला." बरोबर आहे, पण तो सक्तीचा विमा फक्त माणसांना झालेल्या इजेचा असतो. समोरच्या गाडीला पडलेला पोचा त्यात येत नाही.

आपल्याकडचं दुसरं एखादं कवच पुरेल असं समजणं

क्रेडिट कार्डावर मिळणारं गाडीचं संरक्षण असतं भाड्याच्या गाडीसाठी. मित्राची गाडी भाड्याची नव्हे, त्यामुळे ते लागू होत नाही. प्रवास विम्यातही गाडी चालवताना दुसऱ्याचं केलेलं नुकसान बहुधा वगळलेलं असतं. तुमच्या दवाखान्याचा खर्च मिळेल एखाद वेळेस, पण समोरच्याच्या बंपरचा नाही.

सीमा ओलांडताना पॉलिसीही आपोआप येते असं धरून चालणं

मेक्सिकोत अमेरिकेतली पॉलिसी दाखवून भागत नाही. तिथल्या सक्तीच्या थर्ड पार्टी विम्यासाठी मेक्सिकन पॉलिसी वेगळी घ्यावी लागते. युरोपात आणि आसपासच्या देशांत ग्रीन कार्ड नावाची व्यवस्था 1953 पासून चालू आहे. कार्डावर देशांची आद्याक्षरं छापलेली असतात, आणि ज्यावर फुली मारली आहे तिथे ते चालत नाही. शिवाय ते त्या त्या देशाच्या सक्तीच्या थर्ड पार्टी विम्याचा पुरावा असतं, मित्राच्या गाडीच्या दुरुस्तीचं वचन नव्हे. (नाव ग्रीन कार्ड असलं तरी 2020 च्या मध्यापासून ते साध्या पांढऱ्या कागदावर काळ्या शाईत छापलेलंही चालतं, त्यामुळे रंग शोधत बसू नका.)

विमा ठीक असूनही कस्टम्समध्ये अडकणारे लोक आहेत. तुम्ही जर्मनीत राहता आणि युरोपीय संघाबाहेरच्या स्वित्झर्लंडमधल्या मित्राची स्विस नंबर प्लेटची गाडी घेऊन एकटेच घरी निघालात, तर युरोपीय संघाच्या नियमांनुसार ती आयात धरली जाऊ शकते. गाडीवरचं 10 टक्के सीमाशुल्क आणि वर व्हॅट! मालक स्वतः त्या वेळी संघाच्या हद्दीत असेल तर अधूनमधूनच्या वापराला सूट आहे. बाहेरच्या देशातून आलेल्या पाहुण्यांना हा जाच नाही. तरीही मालकाचं सहीचं परवानगीपत्र, नोंदणीची कागदपत्रं आणि विम्याचं सर्टिफिकेट जवळ ठेवाच. मालक शेजारी नसेल तर गाडी चोरीची नाही हे दुसऱ्या कशाने पटवणार?

लायसन्सची मुदत पाहणं, पण नियम न पाहणं

आंतरराष्ट्रीय परमिट म्हणजे मुळात तुमच्या लायसन्सचं भाषांतर. मूळ लायसन्स घरी ठेवलं तर त्याला अर्थ नाही. खरी गडबड तिथे राहायला गेलेल्यांची होते. जर्मनीत रहिवासी झाल्यावर युरोपबाहेरचं लायसन्स साधारण 6 महिने चालतं, ब्रिटनमध्ये 12 महिने. त्यानंतर कार्डावरची मुदत बाकी असली तरी तुम्ही विनालायसन्स ठरता, आणि विमा कंपनीला हात झटकायला आयतं कारण मिळतं.

पेट्रोल भरून गाडी परत करणं ठीक. पण गाडीचं दिवसाला भाडं ठरवलंत किंवा तिच्यावर डिलिव्हरीची कामं केलीत, तर खासगी वापराची पॉलिसी बहुतेक ठिकाणी बाद होते.

ठोकलीच, तर

आधी जखमी माणसं. युरोपीय संघात 112. मग दोन्ही गाड्यांचे, नंबर प्लेटचे आणि रस्त्याचे फोटो. "माझीच चूक" असं घाईने म्हणू नका, रस्त्यावर रोख पैसे देऊन मिटवूही नका. युरोपात दोन्ही चालकांनी मिळून भरायचा अपघाताचा एक ठरावीक फॉर्म असतो. वेगवेगळ्या भाषांतही त्याचे रकाने त्याच क्रमाने येतात, म्हणून आपल्याला समजणाऱ्या भाषेतली प्रत शेजारी ठेवून भरता येतो. मात्र न समजलेल्या मजकुरावर सही नको, कारण सही झाल्यावर एकट्याने त्यात बदल करता येत नाही.

मित्राला त्याच दिवशी कळवा. क्लेम त्याच्या पॉलिसीवर जाणार, नो क्लेम बोनस त्याचा जाणार, पुढची काही वर्षं प्रीमियम त्याचा वाढणार. क्लेममधला सुरुवातीचा ठरावीक हिस्सा मालकाला खिशातून भरावा लागतो, आणि चालक तरुण किंवा नवखा असेल तर काही पॉलिसींत तो आणखी जास्त असतो. तो कोण भरणार आणि वाढलेल्या प्रीमियमचं काय, हे किल्ली घेतानाच बोलून टाका. अवघड वाटतं खरं, पण चेपलेल्या दरवाजासमोर उभं राहून ते बोलणं त्याहून अवघड.

निघण्याआधी मित्राला त्याच्या विमा कंपनीला एक ई-मेल पाठवायला सांगा. त्यात तुमचं नाव, वय, लायसन्स कोणत्या देशाचं, कोणत्या तारखांना आणि कोणकोणत्या देशांत गाडी चालवणार, एवढं असलं की पुरे. फोनवरचं "हो, चालेल" मोजू नका. उत्तर लेखी येईपर्यंत बसने फिरा.