आधी केबल अर्धी करा

नेटवर्किंगमध्ये नव्याने येणारी मुलं हमखास विचारतात, "सर्टिफिकेट कोणतं करू?" त्याचं उत्तर देतेच, पण आधी मी या कामात आले तेव्हा बिघाड कसे शोधायचो ते सांगते. अर्धं-अर्धं करत बिघाड गाठायची तेव्हा हाताला लागलेली सवय मला आजही रोज उपयोगी पडते.

तेव्हा लॅन, म्हणजे ऑफिसातलं संगणकांचं जाळं, कोॲक्स केबलवर चालायचं. एका संगणकामागून दुसऱ्यामागे अशी खोलीभर फिरणारी पातळ काळी केबल, प्रत्येक कार्डाला टी-कनेक्टर आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे सिग्नल शोषून घेणारं टोपण. एक सेगमेंट, म्हणजे अशी एक सलग रांग, फार तर १८५ मीटरचा, त्यावर जास्तीत जास्त ३० मशीन, आणि १० एमबीपीएसचा वेग सगळ्यांत मिळून. कुणी टेबल सरकवलं आणि मागचा कनेक्टर निसटला की अख्खी खोली बंद पडायची. उघड्या टोकावर आपटून सिग्नल उलटा फिरतो आणि पुढच्या सिग्नलमध्ये मिसळून सगळाच गोंधळ करतो, म्हणून.

आता ३० मशीनच्या रांगेत नेमकं कुठे निसटलंय हे कसं कळायचं? सीनियर मंडळींनी पहिल्याच आठवड्यात हातात मल्टिमीटर दिला होता. टी-कनेक्टर कार्डावरून काढायचा, आतली पिन आणि बाहेरचं आवरण यांच्यावर प्रोब टेकवायचे आणि ओहम वाचायचे. २५ च्या आसपास आले तर दोन्ही टर्मिनेटर जागेवर आहेत, कारण ५० आणि ५० समांतर जोडले की २५ होतात. ५० आले तर एका बाजूला केबल तुटलीय किंवा टर्मिनेटर गायब. मग रांगेच्या मधोमध जायचं, टी-कनेक्टरपासून दोन्हीकडची केबल सोडायची आणि एकेक बाजू मोजायची. जिकडे ५० दिसले ती बाजू शाबूत, तिचा विचार सोडून द्यायचा. उरलेल्या बाजूच्या पुन्हा मधोमध. असं चार-पाच वेळा केलं की निसटलेला कनेक्टर समोर यायचा. अंदाजाने एकेक टेबल हलवत बसणारे तासन्‌तास शोधत राहायचे. काटा २५ वर येऊन थांबला की जो आनंद व्हायचा, तो मला अजून आठवतो.

पुढे ट्विस्टेड पेअर, म्हणजे पीळ दिलेल्या तारांच्या जोड्यांची केबल, आली आणि हे दिवस फार लवकर संपले. आरजे-४५ कनेक्टर, तो केबलवर दाबून बसवायचं क्रिंपिंग टूल, आणि पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा असा तारांच्या रंगांचा क्रम तोंडपाठ. जोड्यांचा पीळ टोकाशी १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकलायचा नाही, ही शिस्तही तेव्हाचीच. सगळ्यांच्या केबल एकत्र जोडणारे हब गेले, त्यांच्या जागी स्विच आले. एक केबल निसटली तर एकच माणूस बंद पडू लागला. मल्टिमीटर कपाटात गेला, पण अर्धं करत जायची सवय राहिली.

ती सवय आता पिंगवर चालते. पिंग म्हणजे समोरच्या मशीनला हाक मारून उत्तर येतं का ते बघणं. माइक मूस यांनी १९८३ च्या डिसेंबरमध्ये लिहिलेला हा छोटा प्रोग्रॅम अजून आपलं पहिलं हत्यार आहे, फक्त तो कुठे मारायचा हे ठरवून मारावा. "नेट चालत नाही" असा फोन आला की मी आधी गेटवेला, म्हणजे आपल्या जाळ्यातून बाहेर जायच्या दाराशी बसलेल्या राउटरला, पिंग करायला सांगते. तो मधला टप्पा. उत्तर आलं तर आपलं कार्ड, केबल, स्विच आणि आयपी पत्ता यांची चिंता सोडायची आणि पलीकडे बघायचं. उत्तर नाही आलं तर एआरपी टेबल उघडायचं, म्हणजे कोणत्या आयपीमागे कोणता मॅक ॲड्रेस (कार्डाचा हार्डवेअर पत्ता) आहे याची आपल्या मशीनवरची यादी. तिथे गेटवेचा मॅक ॲड्रेस नुकताच नोंदलेला दिसला तर खालचा थर ठीक आहे, बहुधा गेटवेच पिंगला उत्तर देत नाहीये. नवे लोक ही पायरी नेहमी गाळतात.

पिंग लागतोय पण फाइल कॉपी रांगत चाललीय, हा स्विच नवे आले त्या काळातला सगळ्यांत छळणारा बिघाड होता. स्विचच्या पोर्टवर कुणीतरी १०० फुल डुप्लेक्स (१०० एमबीपीएस, दोन्हीकडून एकाच वेळी बोलणं) पक्कं करून ठेवलेलं असायचं आणि कार्ड ऑटोवर, म्हणजे समोरच्याशी बोलून ठरवणारं. समोरून वाटाघाटीच होत नाहीत म्हटल्यावर कार्ड वेग ओळखायचं, पण डुप्लेक्स हाफ (एका वेळी एकानेच बोलणं) धरायचं. छोटी पॅकेटं सुटी सुटी निघून जायची. मोठी कॉपी सुरू झाली की हाफ बाजूला लेट कोलिजन (उशिरा होणाऱ्या टकरा) आणि फुल बाजूला सीआरसी एरर (बिघडून आलेली पॅकेटं) वाढत जायचे. पोर्टचे काउंटर वाचायला मी इथेच शिकले. ते वाचल्याशिवाय केबल बदलायला धावू नका.

आता सर्टिफिकेट. सिस्कोच्या सीसीएनए परीक्षेच्या पातळीचा अभ्यास जरूर करा, परीक्षा दिलीत तर उत्तमच. पण सबनेटिंग, म्हणजे आयपी पत्त्यांचे गट पाडणं, कॅल्क्युलेटरशिवाय, कागदावर करा. /२७ म्हटलं की ३२ पत्ते, त्यांतले ३० वापरायला, हे तोंडातून आपोआप यायला हवं. आणि वायरशार्क, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्रॅम, रोज उघडा. आपल्याच मशीनला आयपी मिळताना डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, ॲक ही चार पॅकेटं एकदा डोळ्यांनी बघितली की डीएचसीपीचं, म्हणजे आपोआप आयपी मिळण्याचं, आख्खं प्रकरण डोक्यात बसतं.

कोॲक्स तुम्हाला मिळणार नाही, पण "छोटं जातं, मोठं अडकतं" हा बिघाड व्हीपीएनवर, म्हणजे इंटरनेटमधून काढलेल्या खासगी टनेलवर, आजही भेटेल. लॉगिनचं पान उघडतं, मोठं पान नुसतं फिरत राहतं. तेव्हा पिंगला तुकडे न करण्याचा पर्याय लावा आणि १४७२ बाइटचा डेटा द्या. त्यात पिंगच्या आयसीएमपी हेडरचे ८ आणि आयपी हेडरचे २० मिळवले की इथरनेटचे १५०० पूर्ण होतात. तो गेला नाही तर १२०० करून बघा. तो गेला तर दोन्हींच्या मधला, १३३६ घ्या. तीन-चार फेऱ्यांत त्या वाटेची खरी मर्यादा जवळपास सापडते, आणि मग टनेलचा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, किती ठेवायचा ते कुणाला विचारावं लागत नाही.