पाचगणीत पॅराग्लायडिंग शिकताना दिवस कसा आखावा

हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात कडा ढगात बुडालेला असतो, तेव्हाचं नाव काढू नका. वाईहून उजाडायच्या आत पसरणी घाट चढावा, पण पोचल्या पोचल्या उडायला मिळेल ही आशा नको. पहाटे थंड हवा डोंगरावरून खाली उतरत असते, त्यामुळे टेकऑफला वारा पाठीत लागतो. उतार तापला की तो फिरतो आणि कृष्णेच्या खोऱ्यातून वर येऊ लागतो. तोवर सपाट माळावर ग्राउंड हँडलिंग करा, म्हणजे जमिनीवरच राहून विंग (पॅराग्लायडरचा कापडी पंख) वाऱ्यात उभी धरायचा सराव. नवख्याचा निम्मा दिवस यातच जातो, जायलाच हवा.

विंग कमानीत पसरा आणि दोन्ही बाजूंच्या दोऱ्या उचलून मोकळ्या करा. एखादी काटकी गुंतली तरी दोरी आखडते आणि विंग हवेत एका अंगाला ओढत राहते.

हार्नेस (पट्ट्यांनी अंगाला बांधायची सीट) चढवताना आधी पायांचे पट्टे, मग छातीचा, काढताना उलट. छातीचा पट्टा डोळ्यांसमोर असतो, पायांचे मांडीआड. चहासाठी सोडलेले तसेच राहतात, आणि उचलल्यावर माणूस सीटमधून घसरून काखेत लटकतो. म्हणून जोडीदाराला ‘लावलेस का रे?’ असं विचारून भागत नाही; बकल हाताने ओढून बघायचं. रिझर्व, म्हणजे आणीबाणीच्या, पॅराशूटची पिन बसली आहे का, तेही त्याच वेळी.

वारा ताशी 10 ते 20 किमी आणि समोरून यायला हवा. वेग साधारण 12 किमीच्या आत असेल तर पुढे तोंड करून पळत टेकऑफ, त्याहून जास्त असेल तर विंगकडे तोंड करून. विंगचा स्वतःचा वेग ताशी 35 ते 38 किमीच्या आसपास. वारा 25 च्या वर गेला की पुढे सरकणं मुश्किल, आणि कड्यामागे ढकललं गेलात तर तिथली घुसळलेली हवा खाली आपटते. विंडसॉक (वारा दाखवणारी कापडी नळी) 5 मिनिटं तरी बघा; मधेच फुगून मधेच लोंबकळत असेल तर बसून राहा.

कड्यालगत वळायचं ते नेहमी दरीच्या बाजूला. दोघं समोरासमोर आले, तर डोंगर ज्याच्या उजव्या हाताला त्याला वाट मिळते.

मार्च ते मे सकाळी 11 ते दुपारी 4 शिकाऊंनी उडू नये. माळावर वावटळी उठू लागल्या की भाकरीची शिदोरी उघडावी.

उतरताना वाऱ्याकडे तोंड, पाय आधीच खाली. जमीन मीटरभर राहिली की दोन्ही ब्रेक (विंगची मागची कड खाली ओढणाऱ्या दोऱ्या) पूर्ण ओढा. उंचावर ओढलेत तर विंग थांबून धप्पकन पडाल, उशीर केलात तर गुडघे फुटतील. विजेच्या तारा दिसल्या की लांबूनच टाळा. चुकून स्ट्रॉबेरीत उतरलात तर विंग उचलून बांधावरून बाहेर या, वाफे तुडवू नका.

विंगची घडी सावलीत घाला, ऊन कापड खातं. बंद करण्याआधी कप्पे झटका: नाकतोडा आत राहिला, तर बाहेर पडायला तो कापडच कुरतडतो.