टावी: जांघेतून हृदयाची झडप बसवण्याआधी घरच्यांनी करायची तयारी

हृदयातून महाधमनीत रक्त सोडणाऱ्या एऑर्टिक झडपेत कॅल्शियम साचून ती अरुंद झाली आणि धाप, छातीत दुखणं, भोवळ सुरू झाली, की गोळ्यांनी ती झडप उघडत नाही. टावीत धमनीतून नळी नेऊन, छाती न उघडता नवी झडप बसवतात. २०१० साली रुग्णांवर झालेल्या 'पार्टनर' या टावीच्या चाचणीचे निकाल आले. छाती उघडून शस्त्रक्रिया करता येणार नाही अशा रुग्णांपैकी टावी केलेले ३०.७ टक्के रुग्ण वर्षभरात दगावले, तर नेहमीच्या उपचारांवर ठेवलेले ५०.७ टक्के. म्हणून 'वय झालंय, आता राहू द्या' हा निर्णय घाईने घेऊ नका. पण टावीला होकारही घाईने देऊ नका. झडप बसवायला साधारण तास-दीड तास लागतो, आणि ती नीट बसेल की नाही हे बरंचसं आधीच्या तपासण्यांवरच ठरतं.

सुरुवात इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टपासून करा. झडपेचं क्षेत्रफळ १ चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी, सरासरी ग्रेडियंट (झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक) ४० मिमी पारा किंवा जास्त, रक्ताचा वेग सेकंदाला ४ मीटर किंवा जास्त, म्हणजे आजार गंभीर. हृदयाचं पंपिंग कमी असेल तर मात्र झडप पुरती अरुंद असूनही ग्रेडियंट ४० च्या खाली राहतो, आणि अशा रुग्णाला 'मध्यम आजार' म्हणून घरी पाठवलं जाण्याची भीती असते. तिथे हृदयाचं पंपिंग वाढवणारं डोब्युटामाइन हे औषध देऊन पुन्हा इको करतात, किंवा सीटीवर झडपेतलं कॅल्शियम मोजतात. पुरुषांत २००० आणि स्त्रियांत १२०० च्या वर स्कोअर गेला तर आजार गंभीर असण्याची शक्यता दाट. संधिवाताच्या तापाने अरुंद झालेली मायट्रल झडप हा वेगळा आजार आहे, त्यावर टावी हा उपाय नाही.

जोखीम किती, हे नुसत्या वयावरून ठरत नाही. एसटीएस स्कोअर (शस्त्रक्रियेत मृत्यूची शक्यता किती टक्के, याचा अंदाज) ८ च्या वर असेल तर शस्त्रक्रियेची जोखीम जास्त धरतात. आधीची बायपास, खराब फुप्फुसं, लिव्हर सिरॉसिस, कॅल्शियमने कडक झालेली महाधमनी, अंगातली अशक्तता, हेही पाहावं लागतं. पाच मीटर चालायला सहा सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर ते डॉक्टरांना सांगा. कार्डिओलॉजिस्ट आणि हार्ट सर्जन या दोघांचंही मत घ्या.

आता सीटी. याच टप्प्यावर सर्वांत जास्त प्रश्न विचारायला हवेत. हा स्कॅन ईसीजीशी जुळवून, कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या स्पष्ट दिसाव्यात म्हणून शिरेतून दिलं जाणारं औषध) देऊन, हृदयापासून जांघेपर्यंत काढतात. झडप ज्यात बसते त्या कड्याचं माप चुकलं की पुढचं सगळं बिघडतं: झडप लहान पडली तर कडेने रक्त गळतं किंवा ती जागेवरून सरकते, मोठी पडली तर कडं फाटू शकतं. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्यांची तोंडं कड्यापासून १०-१२ मिलिमीटरपेक्षा कमी उंचीवर असतील तर जुन्या झडपेची पाकळी त्यांवर येऊन हृदयाचा रक्तपुरवठा अडू शकतो. जांघेची धमनी ५ ते ५.५ मिलिमीटरपेक्षा बारीक किंवा फार वळणदार असेल तर खांद्याजवळून किंवा दुसरीकडून वाट शोधावी लागते. ही तिन्ही मापं लिहून घ्या आणि स्कॅनची सीडी मागून घ्या. दुसरं मत घ्यायचं तर नुसता कागदी रिपोर्ट पुरत नाही. कॉन्ट्रास्टचा भार किडनीवर येतो, म्हणून आधी क्रिएटिनिन तपासा आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर आवर्जून सांगा.

झडप दोन प्रकारची असते. सॅपियन आणि गुजरातेतल्या वापीच्या मेरिल कंपनीची मायव्हाल या फुग्याने फुलवतात. इव्होल्यूट आपोआप फुलते. कोणती आणि कितव्या मापाची बसवणार, आणि का, हे विचारा. झडपेची किंमत खर्चाच्या अंदाजात वेगळी लिहून मागा.

ॲडमिट होण्याआधी दंतवैद्याला दाखवून किडके दात, सुजलेल्या हिरड्या यांचा निकाल लावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नका. ईसीजीत 'राइट बंडल ब्रांच ब्लॉक' (हृदयाच्या उजव्या विद्युतवाहिनीत अडथळा) लिहिलेलं असेल तर पेसमेकर लागण्याची शक्यता बरीच वाढते. ही तयारी मनाची आणि पैशांची, दोन्ही आधीच ठेवा.

कॅथलॅबमध्ये बहुतेकांना पूर्ण भूल द्यावी लागत नाही. जांघेतून तार झडपेपलीकडे नेतात, रक्त गोठू नये म्हणून हेपरिन देतात. फुग्याची झडप उघडताना ठोके मिनिटाला १८० ते २०० पर्यंत वाढवतात, म्हणजे काही सेकंद रक्ताचा झोत थांबतो आणि झडप हलत नाही. मग गळती आहे का हे इकोवर पाहून जांघेतली जागा आतल्या टाक्याने बंद करतात. हृदयाचे ठोके चालवणारी विद्युतवाहिनी झडपेच्या लगेच खालून जाते, त्यामुळे तिच्यावर दाब पडून ठोके मंदावू शकतात, आणि हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही होतं. म्हणून मॉनिटर काढायची घाई करू नका. बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, हातातली ताकद गेली, तर नर्सला त्याच क्षणी हाक मारा.

घरी आल्यावर आठवडाभर वजन उचलू नये. जांघ सुजली किंवा रक्त आलं तर आडवं करून घट्ट दाबून धरा आणि लगेच हॉस्पिटल गाठा. दुसरं कारण नसेल तर सहसा एकटी ॲस्पिरिन पुरते. ठोके अनियमित असतील (एएफ) तर सहसा रक्त पातळ करणारी गोळी एकटीच देतात; दोन्ही लिहून दिल्या असतील तर कारण विचारा, कारण म्हाताऱ्या शरीरात रक्तस्राव महागात पडतो. महिन्याभरात इको, मग दरवर्षी. दात काढण्यासारख्या कामाआधी अर्धा-एक तास ॲमॉक्सिसिलिन २ ग्रॅम घ्यावी लागते. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर डॉक्टर दुसरं औषध देतील. आणि दोन-तीन दिवस ताप राहिला तर जवळच्या दवाखान्यातून अँटिबायोटिक सुरू करण्याआधी 'झडप बसवली आहे' हे सांगून ब्लड कल्चर (रक्तातले जंतू शोधणारी तपासणी) घ्यायला लावा. औषध आधी पोटात गेलं की झडपेचा जंतुसंसर्ग कल्चरमध्ये सापडणं अवघड होतं आणि तो आत वाढत राहू शकतो.