उत्तर टायरिसमध्ये नव्याने उतरणाऱ्यांसाठी: पहिला वारा येईपर्यंत

नोआ या जपानी निर्मात्याचा 'एलोना' हा विनामूल्य संगणकीय खेळ, किंवा इतरांनी वाढवलेले त्याचे 'एलोना प्लस' हे रूप, ज्यांनी नुकतेच सुरू केले आहे त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. या खेळातल्या उत्तर टायरिस नावाच्या भूमीत माझी बरीच वर्षे गेली आहेत. या काळात मी तिथे शेतकरी होते, जादूगार होते, दुकान चालवले आणि पुराणवस्तूंचे संग्रहालयही उभे केले. नव्याने आलेली माणसे पहिल्या काही तासांत त्याच त्या चार-पाच कारणांनी मरतात आणि खेळ सोडून देतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणून पुढचे सारे सांगणे केवळ पहिल्या महिन्यापुरते आहे.

तुमचे 'क्वीन सेडोना' हे जहाज ईथरच्या, म्हणजे अंगात रोग भिनवणाऱ्या एका द्रव्याच्या, वादळात सापडते आणि तुम्ही व्हर्निस या खाणगावाजवळच्या एका गुहेत जागे होता. लोमियास आणि लार्नेअर या दोघांनी तुम्हाला वाचवलेले असते. लोमियास तुम्हाला खेळाचे प्राथमिक धडे देतो आणि त्यातच एक प्रेत समोर ठेवून ते खायला सांगतो. ते प्रेत भिकाऱ्याचे, म्हणजे माणसाचे असते. नरमांस खाल्ल्याने बुद्धी भ्रमिष्ट होते, आणि ते खरोखर खाल्लेत तर सांगणाऱ्या लोमियासलाही धक्का बसतो. ज्याच्यावर विश्वास ठेवावा अशा गुरूने सांगितलेली गोष्टसुद्धा या भूमीत तपासून घ्यावी लागते, हे इतक्या लवकर कळते ते बरेच आहे. ते प्रेत खाऊ नका.

आता दिनदर्शिकेकडे पाहा. तुमचे आयुष्य ५१७ सालच्या आठव्या महिन्याच्या १२ तारखेला सुरू होते, आणि तिसऱ्या, सहाव्या, नवव्या व बाराव्या महिन्याच्या आरंभी या भूमीवर ईथरचा वारा सुटतो. म्हणजे पहिला वारा येण्याआधी तुमच्या हाती जेमतेम तीन आठवडे असतात, आणि मोठ्या नकाशावर चालताना दिवस फार भराभर सरतात. वाऱ्यात उघड्यावर राहिलात तर ईथरचा रोग अंगात भिनतो: पायांचे खूर होतात आणि मग बूट चढत नाहीत, मान जाड होते आणि गळ्यात काही घालता येत नाही. एकेक विकृती वाढत जाते, औषध महाग असते आणि सुरुवातीला ते सहसा मिळतही नाही. वारा सुटला की घरी, म्हणजे जिथे जागे झालात त्याच गुहेत, बसावे, किंवा गावात असाल तर सरायवाल्याकडे आसरा मागावा. तो तुम्हाला निवाऱ्यात नेतो. या तीन आठवड्यांत करायची सारी कामे याच हिशेबाने करावीत: वारा सुटेल तेव्हा घरात पुरेसे अन्न असले पाहिजे आणि तुम्ही त्या घराच्या जवळपास असले पाहिजे. मुख्य कथा आणि तिच्यातले लेसिमासचे खोल तळघर तुमची वाट पाहत थांबते, वारा मात्र कोणासाठी थांबत नाही.

पोटापाण्यासाठी गावातल्या सूचनाफलकावरची कामे घ्यावीत. पहिले काम कोणते, असे कोणी विचारले तर मी योविन या शेतीच्या खेड्यातली कापणी सुचवते. शेतात गेल्यावर ठरावीक वेळात ठरावीक वजनाचे पीक उपटून पेटीत टाकायचे असते. नवा माणूस मोठी मोठी झाडे उपटत सुटतो, पाठीवरचे ओझे वाढते, ओझ्याने चाल मंदावते आणि पेटीपर्यंत पोहोचेस्तोवर वेळ संपते. माझेही पहिल्यांदा असेच झाले. पेटी सात-आठ पावलांवर होती आणि मी भाज्यांच्या भाराखाली एकेक पाऊल टाकत होते. म्हणून पेटीजवळच्या रोपांपासून सुरुवात करा आणि थोडे थोडे पीक वारंवार नेऊन टाका. पोहोचवायच्या सामानाची कामेही चांगली असतात, पण मुदत पाहिल्याशिवाय घेऊ नका, कारण अंगावर घेतलेले काम बुडाले की कर्म, म्हणजे तुमच्या बऱ्यावाईट वागण्याचा खेळाने ठेवलेला आकडा, घटते. हे कर्म उणे ३० च्या खाली गेले की तुम्ही गुन्हेगार ठरता आणि गावाचे पहारेकरी तुमच्यावर शस्त्र उगारतात. वाटेत कोणाचे पाकीट सापडले तर ते न उघडता पहारेकऱ्याला द्या. घसरलेले कर्म सावरण्याचा इतका सोपा मार्ग दुसरा नाही.

वाद्य वाजवून पैसे मिळवण्याचा मोह आवरा. पियानोवादक होऊन आलेल्याला तर सोबत भलामोठा पियानोच मिळतो आणि मद्यालयात गिऱ्हाईक भरलेले असते, त्यामुळे हात शिवशिवतात. ऐकणारा तुमच्याहून वरच्या पातळीचा असेल आणि तुमचा हात अजून कच्चा असेल, तर तो दगड मारतो, आणि तो एकच दगड तुमचा जीव घ्यायला पुरतो. सुरुवातीला लहान मुलांसमोर किंवा कमी पातळीच्या गावकऱ्यांसमोरच वाजवावे.

खाण्याबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण वार्‍याखालोखाल नवी माणसे त्यानेच गमावलेली मी पाहिली आहेत. भूक लागेल तेव्हाच खावे. पोट तुडुंब असताना आणखी खाल्ले किंवा शापित अन्न पोटात गेले की उलटी होते, आणि वारंवार उलट्या झाल्या की अन्नावरची वासनाच उडते. मग जे खाल तेही बाहेर पडते आणि भरल्या घरात माणूस उपाशी मरतो. प्रेते साठवू नका, ती सडतात. शिजवलेल्या अन्नाने मात्र भूक तर भागतेच, शिवाय शक्ती, चापल्य यांसारखे गुणही वाढतात, म्हणून स्वयंपाकाचे एखादे साधन लवकर घ्यावे. झोपेचेही तसेच आहे: प्रत्येक गुणाला आणि कौशल्याला वाढीची एक क्षमता असते, ती वापराने खर्च होते, आणि गुणांची क्षमता झोपेने पुन्हा भरते. कौशल्यांची क्षमता वाढवायला प्रशिक्षकाला प्लॅटिनमची नाणी द्यावी लागतात. ही नाणी कामांच्या मोबदल्यात मिळतात, ती उधळू नका.

सुरुवातीला कुत्रा, मांजर, अस्वल किंवा लहान मुलगी यांपैकी एक सोबती निवडता येतो. माझे मत लहान मुलीकडे झुकते, कारण ती माणसाप्रमाणे शस्त्रे आणि चिलखत वापरते. सोबती लढाईत पडला तरी घाबरू नका, मद्यालयवाला पैसे घेऊन त्याला परत आणतो. तुमचे स्वतःचे मरणही कायमचे नसते: काही सोने आणि सामान गमावून तुम्ही घरी परत उठता. 'रोगलाइक' म्हणवणाऱ्या या जातीच्या बहुतेक खेळांत एका मरणाने सारे संपते, आणि ती सवय घेऊन आलेली माणसे पहिल्या मरणानंतर नवे पात्र बनवतात, त्याची इथे गरज नसते.

पहिली गुहा हवी असेल तर व्हर्निसमधल्या रिलियन या मुलीला भेटा. तिचे पिल्लू जवळच्याच एका गुहेत हरवले आहे. नकाशावर इतरत्र दिसणारे नेफिया, म्हणजे जुने भग्नावशेष, त्यांवर लिहिलेली पातळी वाचूनच उतरावेत. परतीचे एक स्क्रोल, म्हणजे वाचताच घरी नेणारी जादूची गुंडाळी, जवळ असू द्या, पण ते वाचल्यावर परिणाम व्हायला बऱ्याच चाली जातात, तेव्हा अंगावर शत्रू येण्याची वाट न पाहता आधीच वाचा.

नवव्या महिन्याच्या पहिल्या दिवसांत घरातच राहा, झोपा, शिजवा, सामान लावा. वारा थांबल्याचा संदेश आला की बाहेर पडा आणि महिन्याची बिले आली आहेत का ते आधी बघा. बिल असेल तर दूतावासात जाऊन भरा, आणि तिथेच जमिनीच्या मालकीपत्रांचे दरही विचारून घ्या, कारण शेत किंवा दुकान काढायचे असेल तर पुढचे पैसे त्यासाठीच साठवायचे आहेत.