नागपूरची चौथी म्हणजे जर्मनीतली कितवी?

मिहानमधल्या कंपनीतून बदली झालेली असो की थेट तिकडची नोकरी लागलेली असो, जर्मनीला निघालेल्या घरात मुलांच्या शाळेबद्दल पहिला प्रश्न ठरलेला असतो: पोरीची तिसरी झाली, तिकडे चौथीत घेतील ना? हा प्रश्न बाजूला ठेवा. इयत्तेचा आकडा आकड्याशी जुळवायचा नाही. जुळवायच्या त्या तीन गोष्टी: जन्मतारीख, तुम्ही जाणार ते राज्य, आणि तिथल्या चौथीच्या निकालापर्यंत हाताशी उरणारे महिने. तिसरी गोष्ट सगळ्यांत मोठी. आपल्याकडे वाट दहावीनंतर फुटते, जर्मनीत ती चौथीनंतर फुटते.

आधी तारीख मांडा

जर्मनीत शाळा हा राज्यांचा विषय आहे. राज्यं 16, आणि पहिलीत घ्यायची तारीख प्रत्येक राज्य आपली ठरवतं. महाराष्ट्रात 31 डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणारं मूल त्या वर्षी जूनमध्ये पहिलीत जातं. केंद्रीय विद्यालयात हीच अट 31 मार्चची आहे. डुसेलडॉर्फ आणि कोलोन ज्या राज्यात आहेत त्या नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालियात तारीख 30 सप्टेंबर, तर श्टुटगार्टच्या बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये 30 जून.

कागदावर मांडून पाहा. मुलगी 12 ऑक्टोबर 2017 ची. नागपुरात राज्य मंडळाच्या शाळेत ती जून 2023 ला पहिलीत गेली, म्हणजे 2026-27 मध्ये चौथीत. कोलोनला असती तर 30 सप्टेंबरची रेघ बारा दिवसांनी हुकली असती, पहिली 2024 मध्ये सुरू झाली असती आणि 2026-27 मध्ये ती तिसरीत असती. आता जन्मतारीख 20 ऑगस्ट 2017 धरा: नागपुरात चौथी, कोलोनलाही चौथी, पण श्टुटगार्टला तिसरी. हीच मुलं केंद्रीय विद्यालयात असती तर नागपुरातही तिसरीत असती. तेव्हा "एक वर्ष मागे टाकलं" हा शब्दप्रयोग घरात येऊच देऊ नका. बहुतेक वेळा कोणी मागे टाकलेलं नसतं, फक्त रेघ वेगळ्या तारखेवर आखलेली असते.

चौथीचा फाटा

प्राथमिक शाळा, म्हणजे ग्रुंडशूले, पहिली ते चौथी. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये ती सहावीपर्यंत चालते, आणि उशिरा पोहोचणाऱ्या मुलांसाठी हा मोठा फायदा आहे. त्यानंतर मुलं वेगवेगळ्या शाळांत विभागली जातात. गिम्नाझियम थेट विद्यापीठाच्या दिशेने जातं आणि राज्यानुसार बारावी किंवा तेरावीला आबिटूअर या परीक्षेवर संपतं. रेआलशूले दहावीपर्यंत असते. काही राज्यांत हाउप्टशूले किंवा मिटेलशूले आहे, तिचा कल हाताने करायच्या व्यवसायांकडे. आणि गेझाम्टशूलेत हे सगळे मार्ग एकाच छताखाली मिळतात.

नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालियात चौथीच्या सहामाही प्रगतिपत्रकासोबत, म्हणजे जानेवारीअखेरीस, शिक्षक शिफारस देतात. शेवटचा शब्द पालकांचा असतो. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात तसं नाही. तिथे मे महिन्याच्या सुरुवातीला खास प्रमाणपत्र मिळतं आणि जर्मन, गणित व परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी 2,33 (आपल्या लिखाणात 2.33; आकडा जितका कमी तितका चांगला) किंवा त्याहून चांगली असेल तरच गिम्नाझियमचा सरळ रस्ता खुला होतो. रेआलशूलेसाठी ती 2,66 लागते. जी परभाषी मुलं पहिलीपासून जर्मन शाळेत नव्हती आणि केवळ भाषेमुळे मागे पडली आहेत, त्यांना 3,33 पर्यंत सवलत देता येते. ही तरतूद शाळेने आपणहून सांगितली नाही तर तुम्ही विचारा. बाडेन-व्युर्टेंबर्गनेही 2025 पासून नियम कडक केले आहेत.

गुण उलटे वाचायचे. 1 म्हणजे उत्तम, 4 म्हणजे कसाबसा पास, 5 आणि 6 नापास. टक्केवारीचं रूपांतर करायची जी सूत्रं इंटरनेटवर सापडतात ती विद्यापीठ प्रवेशासाठी आहेत, चौथीच्या प्रगतिपत्रकाला लावू नका.

आता महिने मोजा. ऑक्टोबरवाली मुलगी ऑगस्ट 2026 मध्ये कोलोनला पोहोचली आणि तिसरीत बसली, तर जानेवारी 2028 च्या शिफारशीपर्यंत तिच्याकडे दीड वर्ष आहे. हट्ट करून चौथीत बसवलं तर जेमतेम सहा महिने. सहा महिन्यांत मूल मैदानावर बोलायला शिकतं. धडा वाचून चार ओळींचं उत्तर लिहिण्याइतकी भाषा एवढ्यात येत नाही. शिफारस गणितावरही असते, आणि गणितातली शाब्दिक उदाहरणं जर्मनमध्येच असतात. म्हणून खालची इयत्ता देऊ केली तर आनंदाने घ्या. देऊ केली नाही आणि मूल वयाच्या रेघेच्या जवळ असेल, तर मागून घ्या.

चौथी किंवा पाचवीत पोहोचलात आणि शिफारस मनासारखी आली नाही, तर गेझाम्टशूले शोधा. तिथून आबिटूअरपर्यंत जाता येतं, आणि रेआलशूलेतून चांगल्या गुणांनी बाहेर पडलेल्यांनाही पुढे वरच्या वर्गांचा रस्ता असतो.

वर्गात कुठे अडतं

पहिली अडचण आपल्या शिस्तीची. "हाताची घडी, तोंडावर बोट" इथे शहाणपणाचं लक्षण, तिथे गुण कापणारं. वर्गात हात वर करणं, चुकीचं का होईना पण बोलणं, गटात मत मांडणं याला लेखी परीक्षेच्या बरोबरीने वजन असतं, काही विषयांत त्याहून जास्त. गप्प बसणाऱ्या हुशार मुलाला 3 मिळतो आणि घरचे चक्रावतात. पोहोचल्यावर पहिल्याच पालकभेटीत शिक्षकांना सांगा की आमच्याकडे विचारल्याशिवाय बोलायची सवय नसते. आणि मुलाशी ठरवून घ्या: रोज निदान एकदा हात वर.

दुसरी अडचण आकड्यांची, आणि ती दिसते त्याहून खोल आहे. जर्मनीत दशांश चिन्ह म्हणजे स्वल्पविराम आणि हजार वेगळे करायला टिंब. 2,5 म्हणजे अडीच, 2.500 म्हणजे अडीच हजार. आपलं मूल 1,500 लिहितं ते पंधराशे समजून, शिक्षिका वाचते दीड. गुणाकाराला मध्ये टिंब, भागाकाराला विसर्गासारखी दोन टिंबं. 1 ला डोक्यापासून खाली तिरकी रेघ असते आणि 7 ला पोटातून आडवी, त्यामुळे आपल्या मुलांचा 7 तिथे 1 वाचला जातो. निघण्याआधी पंधरा दिवस, रोज दहा उदाहरणं या लिखाणात सोडवून घ्या. एवढ्याने पहिल्या महिन्याचे बरेच लाल शेरे वाचतात.

मराठी मुलांना एक गोष्ट मात्र आयती मिळते. जर्मन 25 "पाच आणि वीस" असं बोलतात, म्हणजे एकक आधी. आपलं पंचवीसही तसंच. जे मूल केवळ इंग्रजीत आकडे बोलतं ते 52 आणि 25 मध्ये गोंधळतं. तेव्हा पाढे मराठीतच पाठ करून घ्या. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आलेली "वीस पाच" पद्धत निदान या कामापुरती बाजूला राहू द्या.

कागद

जन्मदाखला महानगरपालिकेचा, आणि त्यावर मुलाचं नाव छापलेलं हवं. रुग्णालयातून नोंद झालेल्या कित्येक दाखल्यांवर नावाचा रकाना कोराच असतो. 15 वर्षांपर्यंत नाव घालता येतं, पण वेळ लागतो, म्हणून व्हिसाच्या आधी हे उरका. पासपोर्टवर "मुलाचं नाव, वडिलांचं नाव" एकाच रकान्यात असेल तर जर्मनीत वडिलांचं नाव मुलाचं दुसरं नाव म्हणून चढतं. त्यात गैर काही नाही, फक्त सगळ्या कागदांवर क्रम एकच ठेवा.

शाळा सोडल्याचा दाखला घ्या, त्यावर मुलाचा यूडायस नोंदणी क्रमांक पाहून घ्या, आणि मागच्या दोन वर्षांची प्रगतिपत्रकं इंग्रजीत, सही-शिक्क्यासह. जर्मन भाषांतर शपथबद्ध अनुवादकाकडूनच करून घ्यायचं. मात्र कोणत्या कागदाचं लागतं हे शाळेला विचारल्याशिवाय पैसे खर्च करू नका.

गोवर लसीचा पुरावा सगळ्यांत जास्त वेळा राहतो. मार्च 2020 पासून जर्मनीत शाळेसाठी तो कायद्याने लागतो: दोन वर्षांवरील मुलाला दोन मात्रा. आपल्या मुलांना त्या मिळालेल्या असतात, पण कार्डावर नुसतं स्टिकर असतं, तारीख फिकट झालेली, शिक्का नाही. बालरोगतज्ज्ञांकडून लेटरहेडवर प्रत्येक मात्रेची तारीख इंग्रजीत लिहून घ्या.

घराचा पत्ता हाही शाळेचाच कागद समजा. बहुतेक राज्यांत सरकारी प्राथमिक शाळा पत्त्यावरून ठरते. नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालियात निवड करता येते, तरी जवळच्या मुलांना प्राधान्य असतं. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत नोंद करायची असते आणि तिला घरमालकाचं पत्र लागतं. तात्पुरत्या फ्लॅटमध्ये नोंद झाली आणि दोन महिन्यांनी दुसऱ्या भागात गेलात, तर मुलाची शाळाही दोनदा बदलते. म्हणून घर आधी, शाळा नंतर. सरकारी शाळेत फी नाही. शाळा दुपारी सुटते. त्यापुढे सांभाळायची सोय वेगळी मागावी लागते. 1 ऑगस्ट 2026 पासून पहिलीत येणाऱ्या मुलांना ती हक्काने मिळते, वरच्या वर्गांना टप्प्याटप्प्याने.

घरी शिकवण्याची परवानगी नाही, आणि भारतातली ऑनलाइन शाळा त्या शाळेऐवजी चालत नाही. सत्र चालू असताना विनापरवानगी गैरहजेरीला दंड होतो. म्हणजे मे महिन्यातलं लग्न जवळपास विसरा. उन्हाळी सुट्टी साधारण सहा आठवड्यांची. बव्हेरियात ती ऑगस्ट ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असल्याने तान्हा पोळा गाठता येतो. दिवाळीचं त्या वर्षीच्या शरद सुट्टीवर अवलंबून.

परत यायचं असेल तर

आठवीपर्यंत परतलात तर त्रास कमी. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने 6 ते 14 वयाच्या मुलाला वयानुरूप इयत्तेत प्रवेश मिळतो, आणि आधीच्या शाळेचा दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. नववीनंतर हा हिशेब बिघडतो. सीबीएसईची नोंदणी नववीत होते, दहावीत थेट शिरणं फार अवघड. उलट बाजूही लक्षात ठेवा: आपली बारावी आबिटूअरच्या बरोबरीची धरत नाहीत. ती घेऊन जर्मन विद्यापीठात जायचं तर सहसा भारतात पदवीचं एक वर्ष, जेईई अॅडव्हान्स्ड किंवा तिथला एक वर्षाचा पूर्वतयारी वर्ग लागतो.

2020 च्या कायद्याने महाराष्ट्रात सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर मोफत मिळतात. आठवड्याला एक धडा वाचणं आणि दहा ओळी शुद्धलेखन एवढं तिथे राहूनही होतं. बोलणं टिकतं, लिहिणं सुटतं, आणि परतल्यावर पहिला फटका जोडाक्षरांतच बसतो.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. कोलोनची सुट्टी जुलैत लागली तरी दोन-चार आठवड्यांचाच फरक पडतो. पण सुट्टीत तिथलं शाळेचं कार्यालय बंद असतं. इयत्ता, हजर राहिल्याच्या तारखा आणि निकाल लिहिलेलं, शिक्क्याचं पत्र शेवटच्या आठवड्याआधीच मागून घ्या.